डाव माहीत असूनही गारिंचा निसटायचा कसा?

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की संभाजीनगरच्या आमखास मैदानाच्या कडेला काय किंवा नांदेड-परभणीतल्या चहाच्या टपरीवर काय, जुन्या खेळाडूंवरून वाद ठरलेला. पेले होतो, मॅराडोना होतो, मग कुणीतरी ब्राझीलच्या गारिंचाचं नाव काढतं. खरं तर त्याला खेळताना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. रात्र जागून टीव्हीवर वर्ल्ड कप बघायची सवय आपल्याला लागली ती १९८६ च्या मेक्सिकोपासून, आणि गारिंचा जानेवारी १९८३ मध्येच गेला होता. म्हणजे आपल्याकडची त्याची आठवण ऐकीव, नाहीतर यूट्यूबवरची. म्हणूनच तिच्यात ‘जादू’ आणि ‘दैवी देणगी’ फार. तो नेमकं करायचा काय, हे कुणी सांगत नाही. ते समजायला अवघड नाही, आणि समजल्यावर त्याचं मोठेपण कमीही होत नाही.

आधी थोडक्यात ओळख. ब्राझीलचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा खेळाडू. खरं नाव मॅनुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३, रिओ राज्यातलं पाव ग्रांदे हे कापडगिरणीचं गाव. १९५३ ते १९६५ बोटाफोगो क्लब. ब्राझीलकडून ५० सामने, १२ गोल. या ५० पैकी ब्राझील हरला फक्त एकदा, तेही त्याच्या शेवटच्या सामन्यात, १९६६ साली हंगेरीकडून ३-१. पेले आणि गारिंचा दोघेही संघात असताना ब्राझील कधीच हरला नाही.

पायांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: एक पाय सुमारे ६ सेंटीमीटर आखूड, दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले. अनेकजण इथेच थांबतात. पाय वाकडे, म्हणून बॅकला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, दिशा कळायची नाही, विषय संपला. हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. इंग्लंडचा स्टॅन्ले मॅथ्यूज अगदी सरळ पायांचा होता, गारिंचाच्या वीस वर्षं आधीपासून खेळत होता, आणि राइट विंगवर जवळपास हाच डाव टाकायचा. मे १९५६ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडने ब्राझीलला ४-२ हरवलं तेव्हा मॅथ्यूज ४१ वर्षांचा होता. त्याच्यासमोर होता निल्तोन सांतोस, जगातल्या उत्तम लेफ्ट बॅकपैकी एक. बोटाफोगोत चाचणीला आलेल्या गारिंचाने ज्याला चकवलं आणि ज्याने ‘याला घ्या’ म्हणून क्लबला गळ घातली, तोही हाच निल्तोन सांतोस. तेव्हा गुपित पायांच्या आकारात शोधू नका. ते पाय हलायच्या आधीच्या क्षणात आहे.

आता डाव बघू. गारिंचा उजव्या साइडलाइनला जवळपास चिकटून बॉल घ्यायचा आणि थांबायचा. चक्क उभा राहायचा. बॉल उजव्या पायाच्या पुढ्यात, वीतभर-हातभर अंतरावर. समोर दीड-दोन मीटरवर विरुद्ध संघाचा लेफ्ट बॅक. मग गारिंचाचे खांदे आणि कंबर झपकन डावीकडे, म्हणजे मैदानाच्या आतल्या अंगाला झुकायची. बॉल मात्र जागचा हलायचा नाही. बॅक त्या बाजूला सरकला की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने बॉल लाइनच्या समांतर तीन-चार मीटर पुढे ढकलायचा आणि त्यामागे पळत सुटायचं. गोललाइनजवळ पोचला की गोलसमोर मागच्या बाजूला पास. बस्स. वर्षानुवर्षं बहुतेक वेळा हाच डाव, याच बाजूने.

यात एक बारकावा आहे, तो पटकन दिसत नाही. डावीकडे झुकताना त्याचा सगळा भार डाव्या पायावर यायचा आणि डावा गुडघा वाकायचा. उजवीकडे पळायचं तर जमिनीला रेटा द्यावा लागतो तो डाव्याच पायाने. म्हणजे खोटी हालचाल करता करताच खऱ्या हालचालीची तयारी पूर्ण व्हायची. बॅकचं उलटं. तो सरकलेला असतो नकळत, त्याचं अंग अजून चुकीच्या बाजूला जातच असतं. त्याला आधी ते थांबवायचं, मग कंबर फिरवायची, मग आपल्याच गोलकडे तोंड करून पळायचं. अगदी समोरासमोर चौकोनी उभा असेल तर जवळपास अर्धं वर्तुळ फिरावं लागतं. गारिंचाला एकच काम, बॅकला तीन.

कबड्डी बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चढाई करणारा कोपऱ्याला पायाची हूल देतो, कोपरारक्षक दचकून मागे सरतो, आणि तेवढ्यात हात भलत्याच खेळाडूला लागलेला असतो.

मग प्रश्न येतो: बॅकला तर माहीत होतं की हा उजवीकडेच जाणार. तरी तो सरकायचा का? याचं उत्तर मेंदूच्या वेगात आहे. डोळ्याला काही दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. दोन शक्यतांमधून एक निवडायची असेल तर आणखी थोडा वेळ लागतो. आणि पहिल्या खुणेला उत्तर देणं चालू असताना लगेच दुसरी खूण आली, तर दुसरीचं उत्तर रांगेत थांबतं, नेहमीपेक्षा उशिरा निघतं. हूल हीच रांग लावते. हूल आणि खरी ढकल यांच्यात सेकंदाचा दहावा ते तिसरा भाग इतकंच अंतर असेल तर बॅक सर्वांत जास्त अडकतो. त्याहून लवकर केलं तर त्याला दोन्ही मिळून एकच हालचाल दिसते, फसायला वेळच मिळत नाही. उशीर केला तर तो सावरतो.

असे अडकण्यात गेलेले ०.३ सेकंद ऐकायला फार नाही वाटत. पण दोघांचा वेग सेकंदाला ७ मीटरवर पोचला की तेवढ्याच आघाडीचे २ मीटर होतात. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल टाकायला, २ मीटर रग्गड झाले.

‘माहीत असणं’ इथे कमी का पडतं, तेही यातच आलं. नुसता अंदाज बांधून बॅकने आधीच लाइन धरली, तर गारिंचा आत वळायचा. फार वेळा नाही, पण पुरेशा वेळा. १९६२ च्या चिलीतल्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात त्याने ५९ व्या मिनिटाला लांबून वळणारा फटका मारून गोल केला. उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध ९ व्या मिनिटाला डाव्या पायाने बॉक्सच्या कडेवरून गोल. दोन्ही सामन्यांत आणखी एकेक गोल कॉर्नरवरून डोक्याने. दहा वेळा बाहेरून जाणारा माणूस अकराव्यांदा आतून येऊ शकतो, एवढी शंका पेरलेली असली की पुढच्या दहा वेळा बाहेरची वाट मोकळी होते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ते उभं राहणं. पळत्या विंगरसमोर बॅकही पळत असतो, मागे मागे सरकत असतो, त्यामुळे त्याला फक्त गोलच्या बाजूला राहायचं असतं. विंगर थांबला की बॅकलाही थांबावं लागतं. थांबलेल्या माणसाला पुन्हा वेग पकडायचा असतो, आणि कधी पकडायचा हे ठरवणार गारिंचा. शिवाय थांबल्यावर बॅकच्या मनात चलबिचल सुरू होते: आता हा काही करत नाही, मीच पाय टाकू का? पाय टाकला की गेला.

यूट्यूबवरच्या जुन्या चित्रफिती बघून हे कळत नाही, त्याचं कारण साधं आहे. तीन मिनिटांत पन्नास ड्रिबल (बॉल घेऊन चकवणं) कोंबायचे म्हणून बनवणारे नेमकं थांबणंच कापून टाकतात. उरतो तो नुसता पळणारा माणूस. त्यापेक्षा १९५८ च्या अंतिम सामन्याचं सलग चित्रीकरण शोधा. २९ जून १९५८, स्वीडनमधलं सोल्ना, यजमान स्वीडनविरुद्ध. दोन गोष्टींनी घोटाळा होतो, त्या आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशी ब्राझील पिवळ्या नव्हे, निळ्या शर्टात आहे. आणि गारिंचाच्या पाठीवर ७ नव्हे, ११ नंबर आहे. ७ नंबर डाव्या बाजूच्या झगालोकडे. त्या स्पर्धेत ब्राझीलचे नंबर जागेप्रमाणे दिलेलेच नव्हते, गोलकीपर गिल्मारच्या पाठीवर ३ होता. १९६२ मध्ये मात्र गारिंचा ७ नंबरमध्ये दिसेल.

९ व्या आणि ३२ व्या मिनिटाला ब्राझीलच्या पुढच्या फळीतल्या वावाचे दोन गोल आहेत. दोन्ही वेळा गारिंचा उजवीकडून आत शिरून गोलसमोर बॉल देतो आणि वावा पाय लावतो. एकाच गोलची दोन छायाचित्रं काढावीत इतकं साम्य आहे. वेग ०.२५ वर ठेवा. पहिल्यांदा बॉलकडे बघू नका, गारिंचाकडेही नको. बॅकच्या कमरेकडे बघा. कंबर कुठल्या क्षणी वळली ते सापडलं की मग मागे जाऊन गारिंचाचा डावा गुडघा बघा. त्याच स्पर्धेत सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्याची पहिली तीन मिनिटंही बघण्यासारखी आहेत: गारिंचाचा फटका खांबाला, पेलेचा आडव्या दांड्याला, आणि तिसऱ्या मिनिटाला वावाचा गोल. गारिंचा आणि पेले दोघांचाही तो पहिला वर्ल्ड कप सामना. आधीच्या दोन सामन्यांत दोघेही बाहेर बसले होते. संघाच्या मानसशास्त्रज्ञाने तर दोघांनाही खेळवू नये असा अभिप्राय दिला होता. प्रशिक्षक फिओला यांनी तो ऐकला नाही, हे बरं झालं.

चाहत्यांच्या आठवणीत एक नाव कायम मागे राहतं, ते झगालोचं. आमच्या मते गारिंचाबद्दल बोलताना झगालोबद्दल न बोलणं म्हणजे अर्धा हिशेब. तेव्हा ब्राझील ४-२-४ खेळायचा: मागे चार, मध्ये दोन, पुढे चार. मध्यभागी दोघेच असलेला संघ बॉल गमावला की उघडा पडतो. गारिंचा बॉल गेल्यावर फारसा मागे यायचा नाही. मग भरपाई कोण करणार? डावा विंगर झगालो. बॉल गेला की तो मध्यात उतरायचा, दोनाचे तीन व्हायचे, संघ ४-३-३ दिसायला लागायचा. उजवीकडच्या मनमौजीपणाचं भाडं डावीकडून भरलं जात होतं. शिवाय दिदीसारखा माणूस मध्ये होता, जो बॉल बरोबर वेळेवर उजवीकडे, गारिंचाच्या पायात पोचवायचा. मनमौजी खेळाडू कुठल्याही संघात टिकतो तो असा, त्याच्या वाटचं काम कुणीतरी मुकाट्याने उचलतं तेव्हा.

दुसरा हात लावला तो काळाने. त्या वेळी बहुतेक संघांचा बॅक विंगरसमोर एकटा असायचा. जवळचा साथीदार दहा-पंधरा मीटर दूर. आज विंगरच्या पायात बॉल आला की बॅकच्या मागे तिरकस ४-५ मीटरवर दुसरा उभा असतो, पुढून तिसरा मागे येतो, अख्खा संघ बॉलच्या बाजूला सरकतो. पहिल्याला चकवून ढकललेला बॉल थेट दुसऱ्याच्या पायात जातो. ‘आज गारिंचा टिकला असता का’ या टपरीवरच्या वादाचं आमचं उत्तर असं: पहिला बॅक आजही गेला असता, दुसऱ्यासाठी त्याला ढकल तीन मीटरऐवजी एक मीटरची करावी लागली असती, आणि बॉल गेल्यावर मागे यायला नकार दिला असता तर बाकावर बसावं लागलं असतं.

पण काळ नुसता सोपा होता असंही नाही. पिवळं आणि लाल कार्ड वर्ल्ड कपमध्ये आलं १९७० साली, बदली खेळाडूही तेव्हाच. त्याआधी लाथा बसायच्या, पंच तोंडी ताकीद द्यायचा आणि जखमी झालात तरी तुमच्या जागी कुणी यायचं नाही. १९६२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला आणि पुढची स्पर्धा गारिंचाने ओढली. चिलीविरुद्ध लाथ मारल्याबद्दल त्याला बाहेर काढलं, पण अंतिम सामना खेळू दिला. ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ हरवलं.

गुडघे मात्र गेले. भरधाव वेगात, वाकलेल्या पायावर, एकाच दिशेला हजारो वेळा रेटा, वरून लाथा. १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण १९६६ ला इंग्लंडमध्ये दिसला तो पूर्वीचा गारिंचा नव्हता. बल्गेरियाविरुद्ध फ्री किकवर गोल केला, तोही पायाच्या बाहेरच्या कडेने, आणि पुढच्या सामन्यात हंगेरी. दारूने उरलेलं संपवलं, ४९ व्या वर्षी. दारू आणि बेफिकिरीलाच त्याच्या खेळाचं मूळ समजणारे चाहते आपल्याकडेही आहेत. बेफिकीर माणूस सेकंदाच्या दहाव्या भागाचा अंदाज इतका अचूक धरू शकत नाही.

हा डाव मुलांना शिकवता येतो का? येतो, आणि आपल्या मुरमाच्या मैदानावरही येतो. मात्र तयारी वेगळी लागते. लांब स्टडचे बूट मुरमावर रुतत नाहीत, उलट सटकतात, आणि डाव्या पायाचा रेटा नेमका तिथेच फसतो. बारीक रबरी गुंड्यांचे टर्फ बूट घ्या. पाच नंबरच्या बॉलला नियमाने साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय हवा चालते. कडक जमिनीवर साडेआठ-नऊच ठेवा, म्हणजे टप्पा कमी उसळतो. बारा वर्षांखालच्या मुलांना चार नंबरचा बॉल. मैदानात सराटे असतील तर आधी झाडून घ्या, नाहीतर तासाभरात बॉल बसलाच म्हणून समजा. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडलेल्या मैदानावर हा सराव करूच नका. भेगेत पाय अडकून घोटा मुरगळायला एक ढकल पुरते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा साडेपाचनंतर, आणि शक्य असेल तर आधी पाण्याचा हलका सडा.

फक्कीने ५ मीटर रुंद, १० मीटर लांब पट्टा आखा. पट्ट्याची उजवी रेघ म्हणजे साइडलाइन. पहिले दोन-तीन दिवस समोर कुणी नको. मुलाने बॉलजवळ थांबायचं, डावीकडे झुकायचं, डावा गुडघा वाकवायचा, तिथे क्षणभर राहून उजव्या पायाच्या करंगळीकडच्या भागाने बॉल पुढे, किंचित उजवीकडे ढकलायचा. ढकल दोन मीटरची. मुरमावर बॉल घरंगळतो, गवतासारखा थांबत नाही, म्हणून तीन-चार मीटरची ढकल इथे बाहेरच जाते. ८-१० वेळा झालं की मिनिटभर विश्रांती. एका दिवशी एकूण ३०-४० पुरे, त्यापुढे गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. मग समोर एक मुलगा उभा करा, त्याने फक्त सरकायचं, पाय टाकायचा नाही. आठवडाभराने खरी झुंज. बॉल ताब्यात ठेवून पट्ट्याची शेवटची रेघ ओलांडली तरच गुण.

चुका ठरलेल्या असतात. बॉल पायापासून फार लांब राहतो, मग ढकलायला आधी एक पाऊल टाकावं लागतं आणि तेवढ्यात बॅक सावरतो. मुलं फक्त पाय फिरवतात, खांदे हलत नाहीत. बॅक पायाला फसत नाही, अंगाला फसतो. काहीजण इतके झुकतात की स्वतःचाच तोल डावीकडे जातो. आणि बहुतेक सगळे घाई करतात: बॅक सरकायच्या आधीच ढकलतात, म्हणजे त्याच्या पायातच. उपाय म्हणून एक अट घाला. समोरच्याचा पाय जमिनीवरून उचलला गेल्याचं दिसल्याशिवाय बॉलला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.

बॅकला शिकवायचं ते याच्या उलट. चौकोनी नको, तिरकं उभं राहा. अंतर दीड ते दोन मीटर. नजर बॉलवर, कारण बॉल हूल देत नाही. पाय टाकायची घाई नको, आणि मागे तिरकस साथीदार आला की त्याने ओरडून सांगायचं, मग लाइनकडे रेटायचं.

राहता राहिला प्रशिक्षकांचा ‘अरे पास दे!’ हा ओरडा. त्याला आपल्याकडे परंपरा आहे आणि ती वाईट नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथल्या सय्यद अब्दुल रहीम यांनी एका टचमध्ये पास देण्याची सवय लागावी म्हणून ड्रिबलला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या होत्या. त्यांच्याच प्रशिक्षणाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तेव्हा बंदी पूर्ण उठवू नका, जागा ठरवा. सात-सात जणांच्या सामन्यात मैदानाचे तीन भाग करा. आपल्या गोलकडच्या भागात दोन टचच्या वर बॉल धरायचा नाही. मधल्या भागात ज्याची त्याची समज. विरुद्ध गोलकडच्या भागात, साइडलाइनजवळ, समोर एकच बॅक असेल तर तुमच्या गारिंचाला ओरडायचं नाही, बॉल गेला तरी नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला मात्र दमसासाचा, बॉल गेल्याबरोबर न सांगता मध्यात येणारा मुलगा लावा, आणि सामना संपल्यावर पहिली शाबासकी त्याला द्या.